आखाजी पुढे ढकलण्याबाबत

ऊन सगळ्यांना सारखंच लागतं, असं ज्यांच्या डोक्यावर छप्पर असतं ते नेहमी सांगतात. हे विधान इतकं खरं आहे की उन्हात उभं राहून ते अजून कोणीही केलेलं नाही. दोंडाईच्याच्या अलीकडे, रेल्वेरुळापासून आत गेलं की निंबाडी लागतं. तिथेही हे विधान ग्रामपंचायतीच्या नव्या सभागृहात, तीन पंख्यांखाली बसूनच करण्यात आलं, आणि त्याच बैठकीत 'हवामान बदल अनुकूलन समिती' स्थापन झाली. अध्यक्ष म्हणून नवल रुपचंद यांची एकमताने निवड झाली. (चौथा पंखा बसवून देण्याचं त्यांनी कबूल केलं होतं, पण निवड त्यांच्या अभ्यासामुळे झाली असं इतिवृत्तात म्हटलं आहे.)

झुंबरबाई ही या नवलची आई. तिचं वय विचारलं तर ती सांगते की तापीचा मोठा पूर आला तेव्हा तिला दोन वेण्या होत्या. तिला आठवतं तेव्हापासून खानदेशात ऊन आहे. पूर्वी वैशाखात इथे दव पडायचं असा समज कोणी करून घेऊ नये. पण त्या वेळचं ऊन मजुरासारखं सकाळी यायचं आणि दिवेलागणीला घरी जायचं. आताचं ऊन मुक्कामाला येतं. रात्री भिंतीत झोपतं आणि पहाटे चहाच्या आधी उठून बसतं. झुंबरबाईला या पाहुण्याची सवय झालेली नाही, पण ती त्याच्याविषयी तक्रार करत नाही, कारण तक्रार कुठे करायची ती जागाही मुलाच्याच अध्यक्षतेखाली आहे.

समितीला जन्म दिला तो आखाजीने.

पंचांगात हिला अक्षय्य तृतीया म्हणतात. बाकीच्या महाराष्ट्रात त्या दिवशी सोनं आणतात, खानदेशात लेकी आणतात. सासरी गेलेली मुलगी एक वेळ दिवाळीला आली नाही तरी चालतं. आखाजीला आली नाही तर गल्ली विचारायला येते. त्याच दिवशी पितरही येतात. त्यांच्यासाठी मातीची घागर भरायची, तिच्यावर खरबूज ठेवायचं, खापरावरची पुरणपोळी आणि आमरस करायचा, गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर घास टाकून वर तूप सोडायचं, म्हणजे आगारी द्यायची, आणि घराबाहेरच्या एका माणसाला पितर म्हणून पाटावर बसवून जेवू घालायचं. जिवंत लेकी आणि मेलेले बाप एकाच दुपारी घरात आणणारा दुसरा सण झुंबरबाईच्या माहितीत नाही. लेकींनी मग निंबाच्या फांदीला झोका बांधायचा आणि सासूच्या नावाने गाणी म्हणत संध्याकाळपर्यंत आभाळात जाऊन यायचं.

निंबाडीत असे चौदा मोठे निंब होते. गावाचं नावच त्यावरून पडलं. पुढे गावाने प्रगती केली. चार निंब रस्त्यात गेले, दोन मोबाइलच्या मनोऱ्यासाठी, तीन वीटभट्टीत, एक कोणाच्या तरी चौकटीत, आणि शेवटचे चार ग्रामपंचायतीच्या नव्या सभागृहासाठी, म्हणजे ज्या सभागृहात नंतर हवामान बदलावर चर्चा झाली त्यासाठी. झाडं तोडल्याशिवाय चर्चेला जागाच नव्हती, हे समजून घेतलं पाहिजे.

झाडं गेली तरी परंपरा जाऊ नये म्हणून ग्रामपंचायतीने चौकात लोखंडी झोका बसवला. भक्कम पाइप, भक्कम साखळ्या, बसायला पत्रा. गेल्या आखाजीला, ऊन सत्तेचाळीस अंशांवर असताना, त्याचं उद्घाटन झालं. दोन माहेरवाशिणी त्यावर बसल्या आणि लगेच उठल्या. त्यांना भाजलं. नेमकं कुठे, हे अहवालात नमूद करता आलेलं नाही. तिसरी, झुंबरबाईची लेक दिपमाला, साखळी धरल्याधरल्या चक्कर येऊन पडली. ती सुरतेत साड्यांच्या कारखान्यात टिकल्या लावते. तिथल्या उकाड्यात बारा तास उभी राहते, पण माहेरच्या झोक्याने तिला आडवं केलं. तेव्हा काहीतरी केलं पाहिजे असं सर्वांचं मत पडलं, आणि समिती करण्यात आली.

समितीने काम मनापासून केलं. उष्णतेचा अभ्यास थंडीच्या तुलनेशिवाय अपुरा राहतो, म्हणून सदस्य दोन गाड्या करून महाबळेश्वरला जाऊन आले. गाड्यांचे एसी जाताना आणि येताना चालू ठेवण्यात आले, जेणेकरून निरीक्षणात खंड पडू नये. परत आल्यावर अहवाल झाला. त्याचा पहिला भाग कारणांचा होता. पृथ्वी तापण्याची कारणं महत्त्वाच्या क्रमाने अशी दिली होती: अमेरिका, चीन, दोंडाईचा शहर, मागचे सरपंच, आणि इतर किरकोळ. किरकोळमध्ये गावातले निंब, नदीतली उपसलेली वाळू, तीन वीटभट्ट्या, पाताळाच्या दिशेने निघालेले बोअर आणि कपाशीच्या काड्या बांधावरच पेटवण्याची पद्धत यांचा समावेश होता. परंतु त्या किरकोळ असल्याने, आणि त्यांचे मालक समितीत असल्याने, अधिक तपशील दिलेला नव्हता.

दुसरा भाग परिणामांचा. तो मात्र निर्भीड होता. पावसाळ्याचा पाऊस दिवाळीला येतो, दिवाळीची थंडी होळीपर्यंत रेंगाळते, आणि मधल्या काळात आभाळाला जे सुचेल ते ते करतं. गच्चीवर घातलेल्या बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळण्याऐवजी भाजून निघतात (इथे समितीने 'तेलाची बचत' असा शेरा मारला आहे). कोंबड्या दुपारी अंडी देण्यास टाळाटाळ करतात. आजारी, म्हातारे आणि मजूर यांचं उन्हाळ्यात मरणाचं प्रमाण वाढलं आहे, परंतु ते बहुधा मरणारच होते.

झुंबरबाईचे मालक, रुपचंद आबा, सहा वर्षांपूर्वी वैशाखातच गेले. बांधावरून आले, ओट्यावर टेकले, पाणी मागितलं, आणि तांब्या येईपर्यंत थांबले नाहीत. त्यांचा स्वभावच तसा होता. वेळेच्या बाबतीत ते कोणाचं ऐकत नसत. अहवालातल्या त्या शेवटच्या वाक्यात ते कुठेतरी होते, असं झुंबरबाईला नवलने वाचून दाखवताना वाटलं.

तिसरा भाग उपायांचा, आणि समितीची खरी बुद्धी इथे दिसली. हवामान बदलणं गावाच्या हातात नाही, हे पहिल्या भागात सिद्ध झालंच होतं. मग गावाच्या हातात काय आहे? पंचांग. पंचांग छापील असतं, आणि छापलेलं पुढच्या वर्षी वेगळं छापता येतं. उन्हाळा सणावर येऊन पडत असेल तर सणाने बाजूला सरकावं, यातच शहाणपण आहे. सबब असा ठराव करण्यात आला की यापुढे निंबाडीची आखाजी वैशाखाऐवजी मार्गशीर्षात, शुद्ध तृतीयेस, आल्हाददायक हवेत साजरी होईल. मूळ दिवशी सकाळी अकरा ते चार गाव दारं लावून घरात बसेल. असं करणारं निंबाडी हे जगातलं पहिलं गाव ठरेल, असंही ठरावात होतं, आणि ते आजवर कोणी खोडून काढलेलं नाही.

शंका निघाल्या, त्यांचं निरसन झालं. मार्गशीर्षात आंबा कुठून आणायचा? चंपालाल शेठ उभे राहिले. त्यांचे आजोबा मारवाडातून मीठ-मिरची घेऊन आले होते; नातवाने दुकान कूलर, एसी आणि डबाबंद मालापर्यंत आणलं आहे. ते म्हणाले, "आमरस तो आमरस शे भाऊ. डब्बा फोडा, पिओ. बारा महिने सेम टेस्ट." खरबूज? त्याचं चित्र चालेल. लेकींच्या मुलांना तेव्हा शाळेची सुटी नसेल? लेकींना फोनवर झोका दाखवता येईल. सगळं सुरळीत चाललं होतं. मग बायकांच्या बाजूने झुंबरबाई उठली.

"नवल, तारीख बदली ते बदली. पन पितरसले कोन सांगी?"

इतिवृत्त लिहिणाऱ्याने पेन खाली ठेवलं.

"म्हणजे?" नवलने शुद्ध मराठीत विचारलं. सभेत तो आईशीही शुद्ध बोलतो.

"म्हंजे तुना बाप वैशाखमा ई उभा ऱ्हायी. दुपारना बारा वाजता. आन तू दार लाई बठशी. जित्ता व्हता तवय जेवाले जरासा उशीर व्हयना ते ताट सरकाई उठी जाये. आते वरीसमा एक डाव येस. घागर भरेल नही दिसनी ते परत ये का तो मानूस?"

हा प्रश्न समितीच्या कक्षेत येतो का, यावर थोडी चर्चा झाली. पण सभागृहात असं एकही घर नव्हतं की ज्याचं कोणी मेलेलं नव्हतं. प्रत्येकाला आपापला बाप डोळ्यांसमोर दिसला, आणि बहुतेकांचे बाप रागीट होते. तेव्हा 'पितर संपर्क उपसमिती' तिथल्या तिथे नेमण्यात आली.

उपसमितीने मार्ग काढला तो असा. पितरांपर्यंत जाणारी एकच खात्रीची वाट आहे, ती आगारीची. निखाऱ्यावर टाकलेला घास पोचतो, तर निखाऱ्यावर टाकलेली सूचनाही पोचेल. भाद्रपदातली सर्वपित्री अमावास्या त्यासाठी योग्य. सूचना लेखी असावी. आणि निंबाडीत लेखी म्हणजे फ्लेक्स. वाढदिवस, दहावा, निवड, अभिनंदन, हरवलेलं वासरू, सगळं गाव फ्लेक्सवर कळवतं. कागदावर कळवलेलं कोणी खरं धरत नाही. तेव्हा बारा फूट बाय आठ फूट असा फ्लेक्स छापून आणला. वर समितीच्या अकरा सदस्यांचे हात जोडलेले फोटो, मधोमध नवल, कानाला मोबाइल लावून हसणारा. खाली मजकूर:

"समस्त दिवंगत ग्रामस्थांना कळविण्यात येते की, वाढत्या तापमानामुळे आखाजी यापुढे मार्गशीर्ष शुद्ध तृतीयेस होईल. वैशाखात कोणीही येऊ नये. आल्यास होणाऱ्या गैरसोयीस समिती जबाबदार राहणार नाही. येताना तहान मर्यादित ठेवून सहकार्य करावे. — आपलेच नम्र."

झुंबरबाईने फ्लेक्स नीट पाहिला.

"आबासले वाचता कोठे येये?" ती म्हणाली.

"माय, फोटो ते वळखतीन ना," नवल म्हणाला. घरी तो घरचं बोलतो.

"फोटोमा तू हसी राहिना. त्यासले जास्तीच राग यी."

अमावास्येला फ्लेक्स चौकात जाळण्यात आला. प्लास्टिकच ते, लवकर पेटेना. शेवटी शेजारच्या भट्टीतले दोन टायर खाली घालावे लागले. मग असा काळा धूर उठला की बायका पदर तोंडाला लावून घरात पळाल्या आणि आभाळ गल्लीभर खाली आलं. धूर बराच वेळ वर जात होता. तो सरळ वर गेला, वाऱ्याने इकडेतिकडे झाला नाही, यावरून सूचना पोचल्याची नोंद उपसमितीने घेतली. सूचना हवामानाविषयी होती आणि ती हवेतच गेली, याहून नेमकी पोच सरकारी टपालालाही कधी मिळालेली नाही.

मार्गशीर्षातली आखाजी व्यवस्थित पार पडली. त्या दिवशी अवकाळी पाऊस झाला आणि मग गारा पडल्या. (हे परिणामांच्या भागात अपेक्षित धरलेलं नव्हतं, तो भाग उन्हापुरता होता.) लोखंडी झोका या खेपेला कोणाला भाजला नाही. त्यावर कोणी बसलंच नाही, कारण लेकी आल्या नव्हत्या. दिपमालाच्या मुलाची परीक्षा होती. तिने फोनवर झोका पाहिला आणि म्हणाली, "चांगला वला व्हयना, माय." डब्यातला आमरस गार होता आणि हवा त्याहून गार, त्यामुळे तो पुरणपोळीबरोबर न खाता लोकांनी औषधासारखा घेतला. चंपालाल शेठनी दूरदृष्टीने आमरसाच्या शेजारी घोंगड्याही ठेवल्या होत्या. दोन्ही माल सारखा खपला.

झुंबरबाईने घागर भरली. तिला हात लावला तर बोटं आखडत होती. आबा आले असते तर त्यांना सर्दी झाली असती. गोवऱ्या ओलसर होत्या. निखाऱ्यावर घास ठेवून तिने तूप सोडलं, आणि नुसताच धूर झाला. ज्वाळा उठली नाही. तूप चार वेळा सोडून झालं. घास काळा पडला आणि तसाच राहिला. तूप सोडल्यावर ज्वाळा उठली की समजायचं माणूस जेवला. ती तसंच समजायला शिकली होती. दुसरं काही शिकवलेलं नव्हतं.

"नही उनात," ती सुनेला म्हणाली, आणि न आलेल्या आबांच्या पाटाखालची रांगोळी पुसून टाकली.

ज्यांच्या ज्यांच्या घरी ज्वाळा उठली नाही त्यांनी त्याचा दोष गोवऱ्यांना दिला. समितीने मात्र समाधान व्यक्त केलं. एकही इसम उष्माघाताने आजारी पडला नाही, हे गारपिटीच्या दिवशीचं यश जिल्ह्याला कळवण्यात आलं, आणि 'हवामान-सुसंगत ग्राम' या सन्मानासाठी निंबाडीचं नाव पुढे गेलं. पाहणीसाठी साहेब येणार होते ते नेमके वैशाखातल्या जुन्या आखाजीला. त्या दिवशी गाव खरंच सण न करता दारं लावून बसतं की नाही, एवढंच त्यांना पाहायचं होतं.

वैशाख आला. हवा अशी की कावळे चोची उघड्या टाकून बसले होते. टँकर आठवड्याने येत होता. नवलने आठ दिवस आधीपासून आईला समजवायला घेतलं. साहेबांचा चहा आपल्याच घरी आहे, पुढच्या खोलीत नवा एसी बसवला आहे, दार घट्ट लावलेलं पाहिजे, नाहीतर गारवा धरत नाही. घागर, पाट, आगारी यांतलं काहीही दिसता कामा नये. गावाची इज्जत आहे. झुंबरबाई गवारीच्या शेंगा मोडत ऐकत होती.

"दार लायं ते तुना बाप कथाइन यी?" तिने विचारलं.

"माय, त्यांना कळवलेलं आहे."

"जेवाले उनात का मंगशिरमा?"

नवल दाराची कडी लावून पाहू लागला. त्याला बापाची आठवण येत नव्हती असं नाही. पण अध्यक्षाला एका वेळी दोन ठिकाणी मुलगा होता येत नाही.

आखाजीच्या सकाळच्या गाडीने दिपमाला दोंडाईच्याला उतरली आणि रिक्षा करून घरी आली. डोक्यावरून ओला टॉवेल, हातात सुरतेच्या घारी मिठाईचा डबा आणि एक खरबूज. "भाऊले सांगू नको," ती ओट्यावरच म्हणाली. "मी फक्त आबासले पानी देवाले उनू. झोक्यावर नही बठस. मागना वरीसना हातवरना डाग अजून जायेल नही." मायलेकींनी मागच्या दाराने स्वयंपाकघर गाठलं, खापर तापवलं, पुरण वाटलं. घागर भरायला घरात पिण्याचं पाणी होतं ते झुंबरबाईने पंधरा दिवसांपासून स्वतःच्या तांब्यातून वाचवून ठेवलं होतं. रोज अर्धा तांब्या कमी पिऊन माणूस मरत नाही, असं तिने दिपमालाला सांगितलं. दिपमालाने तिच्या ओठांकडे पाहिलं आणि पुरण वाटत राहिली.

बाराच्या सुमारास झुंबरबाई पुढच्या खोलीत आली. नवल साहेबांना आणायला फाट्यावर गेला होता. एसी घरघरत होता. तिने दार सताड उघडलं आणि ते मिटू नये म्हणून त्याला पुरण वाटायचा पाटा लावला. बाहेरची झळ आत आली आणि आतला गारवा बाहेर गेला. थोडा वेळ एसीने निंबाडीचं आभाळ गार करण्याचा प्रयत्न केला, मग तो आवाज करून बंद पडला. देवाजवळ घागर होती, तिच्यावर दिपमालाने सुरतेहून आणलेलं खरबूज. पाट मांडलेला होता. आता प्रश्न एकच होता: पाटावर बसवायला बाहेरचा माणूस कुठून आणायचा? सगळं गाव ठरावाप्रमाणे दारं लावून बसलं होतं.

रस्त्यावर फिरायची परवानगी असलेला माणूस गावात एकच होता. ग्रामपंचायतीचा शिपाई भटू रिक्षेला भोंगा बांधून फिरत होता: "ग्रामस्थांनी घरातच थांबावे, दारे लावून घ्यावीत, आज सण नाही." झुंबरबाईने त्याला ओट्यावरून हात केला.

"अक्का, मी ते तुमले घरमा बठा हाई सांगाले फिरी राहिनू," भटू म्हणाला.

"सांगी व्हयनं ना? मंग आते तू बी घरमा बठ. पाट मांडेल शे."

भटूने कपाळाचा घाम पुसला, आणि जिथे बोट गेलं तिथे गंधाचे बरेच थर होते. "अक्का, रागावू नका," तो खालच्या आवाजात म्हणाला. "हाई चौथं ताट शे सकायपासून. उपसरपंचासकडे जेवनू. उपसमितीवालासकडे जेवनू. बठ्ठासनी मांगलं दार उघडं ठेयेल शे. मनं पोट शे का टँकर?"

"एकच पोयी खाय," झुंबरबाई म्हणाली. "आबा बी जास्ती खायेत नही."

भटू पाटावर बसला. दिपमालाने त्याच्या पायांवर पाणी घातलं. झुंबरबाईने निखाऱ्यावर घास ठेवला, तूप सोडलं, आणि ज्वाळा अशी उठली की भटूने पाय आखडून घेतले. गोवऱ्या सत्तेचाळीस अंशांत वाळलेल्या होत्या, असं कोणी म्हणेल. झुंबरबाई तसं म्हणाली नाही. ती घागरीतून तांब्या भरत होती, आणि एकही थेंब खाली सांडला नाही.

नेमक्या त्याच वेळी जीप दारात थांबली. नवल आधी उतरला, आणि उघडं दार, पेटलेली आगारी, सुरतेला असायला हवी होती ती बहीण आणि पाटावर बसून पुरणपोळी खाणारा ग्रामपंचायतीचा शिपाई, एवढं सगळं त्याने एका नजरेत पाहिलं. मागून साहेब आले.

"हे कोण?" साहेबांनी पाटाकडे पाहून विचारलं.

नवलने समितीचे सगळे ठराव मनात चाळले.

"वडील," तो म्हणाला. "म्हणजे, आजच्या दिवसापुरते."

साहेब धुळ्याचे होते. त्यांनी उंबऱ्याबाहेर बूट काढले, आत आले, घागरीसमोर बसले. "आमचं घर आज बंद आहे," ते म्हणाले. "बायको माहेरी, मी पाहणीवर. आई गेली त्याला दोन वर्षं झाली. मावशी, तुमच्या घागरीतलं एक पेलाभर पाणी तिच्या नावाने सोडलं तर चालेल का?"

"घागर कोनी मोजीसन भरस का, भाऊ?" झुंबरबाई म्हणाली, आणि तांब्या त्यांच्यापुढे केला. नवल भिंतीला टेकून उभा होता. दिपमालाने त्याच्या हातात तुपाची वाटी दिली. त्याने ती घेतली आणि बापाच्या निखाऱ्यावर थोडं तूप सोडलं. त्या वेळी तो शुद्ध बोलत होता की घरचं, हे सांगता येणार नाही, कारण तो काहीच बोलला नाही.

साहेबांचा अहवाल पुढच्या आठवड्यात आला. 'रस्ते पूर्णतः निर्मनुष्य आढळले. सण साजरा होत असल्याचे रस्त्यावरून दिसले नाही. ग्रामस्थांचे सहकार्य अनुकरणीय.' निंबाडीला सन्मान मिळाला. त्याचा फ्लेक्स लागला, आणि तो लावायला जागा हवी म्हणून शाळेच्या आवारातली दोन वर्षांची गुलमोहराची रोपटी काढण्यात आली.

समितीची त्यानंतरची बैठक गंभीर होती. दिवंगत ग्रामस्थांपैकी कोणीही सूचनेचं पालन केलं नाही, ही गोष्ट आतल्या गोटात सगळ्यांना माहीत होती. जुन्या माणसांना आता शिस्त लावणं शक्य नाही, असं मत पडलं. त्यांनी झाडं लावली, विहिरी खणल्या आणि ते निघून गेले. पुढचं काही त्यांना समजावता येत नाही. पण जे पुढे पितर होणार आहेत, म्हणजे आज जे हयात आहेत, त्यांना आतापासूनच वळण लावता येईल. सबब प्रत्येक हयात इसमाने मेल्यानंतर कोणत्या महिन्यात यायचं ते आधीच कळवावं, असा ठराव झाला. प्रतिसाद उत्तम मिळाला. वीटभट्टीवाले, बोअरवाले, वाळूवाले, समितीचे सगळे सदस्य, चंपालाल शेठ (त्यांच्यात पितर बोलावत नाहीत, पण जागा धरून ठेवायला काय जातं, असं ते म्हणाले), सगळ्यांनी मार्गशीर्ष सांगितला. तरुणांपैकी काहींनी महाबळेश्वर मागितलं. ते महिना नसल्याने नामंजूर झालं.

आईचं नाव राहिलं होतं. नवलने तिला ओट्यावर विचारलं.

"वैशाख," झुंबरबाई म्हणाली.

"माय, तोपर्यंत ऊन पन्नासवर जाई."

"जावू दे. ते एकलाच येतीन ना. आवढा उनमा त्यासना संगे कोनी नको का?"

नवलने तसं लिहून घेतलं. गावातली ती वैशाखातली एकमेव नोंद.

मार्गशीर्षातल्या जागा आता भरल्या आहेत, असं समिती कळवते. हे वाचणाऱ्यांपैकी ज्यांनी अजून काही कळवलेलं नाही, त्यांची नावं नियमानुसार वैशाखात धरली जातील. वेळ दुपारी बाराची. घागर भरलेली असेलच अशी हमी देता येत नाही, आणि सावलीची सोय ज्याची त्याने हयातीतच करून ठेवायची असते.